गळका काटा

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना मुख्याध्यापिकेने प्रगतीचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. तो आढावा कार्यवाहांनी मघाशी घेतला. इमारतीच्या खोल्या, प्रयोगशाळा, ग्रंथालयातील पुस्तके, शालान्त परीक्षेचे निकाल असे सर्व आकडे त्यात आले. ते खरे आहेत. परंतु आकडे कसे वाचावेत, यासंबंधी मला आज थोडे बोलायचे आहे आणि त्यासाठी मी तुम्हांला एका जुन्या मोटारीकडे नेणार आहे. मराठीच्या शिक्षिकेने मोटारीची दुरुस्ती सांगावी, याचे काहींना नवल वाटेल. शेवटी त्याचा उलगडा होईल.

माझे आजोळ काशीचे. शिंदे घाटाच्या वरच्या अंगाला, अरुंद गल्लीत मामांचे घर होते. काशी आणि महाराष्ट्र यांचा ऋणानुबंध आपण सारे जाणतो. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780 साली उभे केले. नागपूरकर भोसल्यांच्या नावाचा घाट तिथे आहे. ज्ञानवापीभोवतीचा खांबांचा मंडप 1828 साली बांधणाऱ्या ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनीच पुढे शिंदे घाटही बांधवला. मणिकर्णिकेला लागून असलेला हा घाट मोठ्या हौसेने, भरभक्कम दगडांत उभारला गेला आणि आपल्याच वजनाने खचला. नदीकाठची माती पुरात भिजते, पाणी झपाट्याने उतरले की तिचा आधार सुटतो आणि वरचा दगडी भार जितका मोठा, तितकी ती लवकर सरकते. पुढे घाटाची डागडुजी झाली. पण पायथ्याशी असलेले रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आजही कललेलेच आहे. त्याचा कल पिसाच्या प्रसिद्ध मनोऱ्यापेक्षाही अधिक आहे आणि वर्षाचा बराच काळ त्याचा गाभारा गंगेच्या पाण्यात व गाळात असतो. त्या देवळासमोरच्या पायऱ्यांवर माझ्या बालपणीच्या कित्येक सुट्ट्या गेल्या.

मामा डॉक्टर होते. त्यांच्याकडे 1930 सालची फोर्ड ‘मॉडेल ए’ मोटार होती. एका जमीनदाराकडून त्यांनी ती जुनी म्हणून घेतली होती. गल्लीत सायकलही जपून न्यावी लागे, त्यामुळे मोटार राही मैदागिनजवळच्या भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये. फोर्ड कंपनीची आधीची ‘मॉडेल टी’ जगप्रसिद्ध होती. पण तिच्यात किती पेट्रोल उरले आहे, हे पाहायला बैठक उचलून टाकीत काठी बुडवावी लागे. 1927 च्या अखेरीस आलेल्या ‘मॉडेल ए’मध्ये चालकाच्या डोळ्यांसमोर पेट्रोलचा काटा आला. या नमुन्याच्या सुमारे 48 लाख गाड्या तयार झाल्या, यावरून तिची लोकप्रियता ध्यानात येईल.

या गाडीची रचना मोठी गमतीची आहे. तिची पेट्रोलची टाकी मागे नसून पुढे, चालकाच्या गुडघ्यांच्या वर, काचेच्या खालच्या बाजूस असते. तिच्यात सुमारे दहा अमेरिकन गॅलन, म्हणजे अडतीस-चाळीस लिटर पेट्रोल मावते. टाकी उंचावर असल्याने पंप लागत नाही. पेट्रोल आपल्या भाराने खाली कार्बुरेटरमध्ये उतरते. टाकीची मागची भिंत हीच चालकासमोरची पाटी. त्या भिंतीला एक गोल भोक आणि त्या भोकात काटा बसवलेला. आपण सवयीने काटा म्हणतो. वस्तुतः तिथे काटाही नाही आणि विजेची तारही नाही. आत पेट्रोलवर तरंगणारा बुचाचा तुकडा, त्याला जोडलेला दांडा आणि दांड्याबरोबर फिरणारी आकड्यांची चकती, एवढेच ते यंत्र. चकतीपुढे जाड काच, काचेच्या दोन्ही अंगांना बुचाचे पॅकिंग आणि ते सारे दाबून धरणारी आटे पाडलेली कडी. काचेच्या पलीकडे थेट पेट्रोल असते.

ही रचना मी मुद्दाम तपशिलाने सांगितली. टाकीत किती आहे हे कळावे म्हणून टाकीला भोक पाडावे लागले, ही गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. काठी बुडवून मोजणाऱ्या जुन्या गाडीत हा धोका नव्हता. काटा आला, सोय झाली आणि सोयीबरोबर गळण्याची एक जागाही आली.

मामांच्या गाडीत ती जागा गळत होती. काचेच्या खालच्या कडेने थेंब थेंब पेट्रोल पाझरे आणि चालवणाऱ्याच्या पायांवर पडे. गाडीत बसले की वासाने डोके चढे. मामांनी त्यावर एक युक्ती शोधली होती. काटा टाकीच्या साधारण मध्यावर असल्याने पेट्रोल निम्म्याच्या खाली असले की गळती थांबे. म्हणून मामा टाकी कधी निम्म्याच्या वर भरतच नसत. गाडी कोरडी दिसे, वासही येत नसे. मात्र लांबच्या रुग्णाकडे जाताना वाटेत कुठे पेट्रोल मिळेल याची चिंता दर खेपेस करावी लागे. आणि काटा? तो कधीच ‘पूर्ण’ दाखवत नसे. त्याची कोणाला खंतही राहिली नव्हती. अशी चार-पाच वर्षे गेली.

1984 सालच्या मे महिन्यात मी तिथे होते. एका रात्री परगावाहून परतताना मामांची गाडी पेट्रोल संपून रस्त्यात थांबली आणि ज्या रुग्णासाठी औषध आणायला ते गेले होते, त्याला ते सकाळपर्यंत मिळाले नाही. रुग्ण वाचला, हे त्याचे आणि आमचे भाग्य. दुसऱ्या दिवशी मामांनी मिस्त्रींना बोलावणे धाडले.

ते वयस्क मिस्त्री शेडमध्ये आले, त्यांनी सर्वप्रथम खिशातल्या विड्या आणि काडेपेटी काढून बाहेरच्या पानवाल्याकडे ठेवायला दिली. मग बॅटरीची तार सोडली. टाकीखालची तोटी उघडून पेट्रोल डब्यांत उतरवून घेतले आणि ते डबे दूर सावलीत नेले. टाकी रिकामी झाल्यावर आम्हां मुलांना वाटले, आता भीती संपली. मिस्त्री म्हणाले, खरी भीती आता आहे. भरल्या टाकीत पेट्रोल असते, रिकाम्या टाकीत त्याची वाफ असते आणि पेट घेते ती वाफ. झाकण उघडे ठेवून, दारे सताड उघडून त्यांनी त्या दिवशी टाकीला हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी कडी काढण्याचे काम. पन्नासहून अधिक वर्षांची ती कडी आट्यांत गच्च बसलेली. तिला दोन खाचा होत्या. त्यांत बसेल असा पितळी पान्हा मिस्त्रींनी स्वतः घासून तयार केला होता. लोखंडावर लोखंड घासून ठिणगी उडू नये, हा त्यात हेतू. तेलाचे थेंब सोडायचे, थांबायचे, हलकेच फिरवायचे, पुन्हा थांबायचे. सकाळ त्यातच गेली. कडी सुटली, काच निघाली आणि मागचे पॅकिंग हातात आले ते बिस्किटासारखे चुरा होऊन. वर्षानुवर्षे टाकी अर्धी राहिल्याने वरचे बूच सुकले, आकसले, त्याला भेगा पडल्या. मिस्त्रींनी मामांना सांगितले की, डॉक्टरसाहेब, तुम्ही टाकी भरत राहिला असता तर गळती दिसली असती आणि मी तेव्हाच आलो असतो.

आतला तरंगता बूच पेट्रोल पिऊन जड झाला होता, म्हणून तो असे त्यापेक्षा कमी दाखवी. मिस्त्रींनी तो दोन दिवस उन्हात वाळवला. पॅकिंगसाठी बुचाच्या पातळ पत्र्यातून नव्या चकत्या कापल्या. आणि सांधे बंद करायला त्यांनी वापरली लाख. कुसुम, पळस, बोर या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी ही लाख. काशीशेजारचे मिर्झापूर तिच्या व्यापारासाठी पूर्वापार प्रसिद्ध. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा पातळ लेप त्यांनी बुचाला आणि पॅकिंगला दिला. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पेट्रोलमध्ये विरघळत नाही. म्हणून जुने मोटार-कारागीर तिच्यावर विसंबत. ही गोष्टही लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडेल.

सारे पुन्हा बसवून झाल्यावर मिस्त्रींनी टाकीत पेट्रोलऐवजी रॉकेल भरले आणि माझ्याकडे वळून खडू मागितला. मी मास्तरणीच्या घरातली मुलगी. खडू माझ्याजवळ असायचाच. त्यांनी तो कुटून काचेच्या कडीभोवती सांध्यावर चोळला. रॉकेल जिथे पाझरेल तिथे पांढऱ्यावर ओला काळपट डाग उठेल, डोळ्यांना न दिसणारी गळती खडू दाखवील. रात्रभर गाडी तशीच ठेवली. सकाळी डाव्या बाजूला नखाएवढा डाग होता. मामा म्हणाले, “एवढ्याने काय होते? राहू दे.” मिस्त्रींनी ऐकले नाही. सगळे पुन्हा सोडले. कडी एका अंगाला अधिक आवळली गेली होती, दुसऱ्या अंगाला ढिली राहिली होती. अधिक आवळली तर काच तडकते, कमी आवळली तर सांधा पाझरतो. सर्व बाजूंनी सारखा दाब हवा. दुसऱ्या सकाळी खडू पांढराशुभ्र होता. मग पाच-पाच लिटरच्या मापाने पेट्रोल ओतत, प्रत्येक मापाला चकती कुठे येते हे पाहत, त्यांनी काटा तपासून घेतला. ‘पूर्ण’ हा शब्द मी त्या काचेआड त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

संध्याकाळी आम्ही घाटावर गेलो. काशीतील लोक गंगेचे पाणी पायऱ्यांवरून मोजतात. किती पायऱ्या उरल्या यावर पावसाळ्यातल्या गप्पा चालतात. राजघाटाकडे केंद्रीय जल आयोगाची अधिकृत मोजणी होते. तिथे धोक्याची पातळी 71.262 मीटर आहे आणि इशाऱ्याची पातळी बरोबर एक मीटर खाली. 1978 च्या महापुरात पाणी 73.901 मीटरपर्यंत चढले होते. त्याच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. मामा म्हणाले, “पायऱ्या पाण्याला अडवत नाहीत, फक्त सांगतात. सांगितलेले ऐकायचे की नाही, हे आपले काम.” मी चौदा वर्षांची होते. वाक्य ऐकले आणि विसरले.

आता आपल्या शाळेकडे येते.

मामा गेले. मामेभाऊ नोकरीनिमित्त आपल्या गावी स्थायिक झाला आणि त्याने ती गाडी सोबत आणली. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 2021 साली वेगळ्या नोंदणीचे नियम आले, त्यांनुसार तिची नोंदणीही झाली. गेल्या वर्षी काटा पुन्हा गळू लागला. मामेभावाने शहराबाहेरच्या एका तरुण कारागिराकडे गाडी नेली, मी सोबत होते. त्याने कडी सोडली, पॅकिंगवरून बोट फिरवले आणि ते चिकट बोट मला दाखवले. म्हणाला, “बाई, काम उत्तम केलेले आहे. चाळीस वर्षे टिकले. पण पेट्रोल बदलले. आता त्यात 20 टक्के इथेनॉल असते, म्हणजे स्पिरिटच. लाख त्यात विरघळते.” त्याने इथेनॉलला टिकणाऱ्या व्हायटॉन रबराच्या चकत्या घातल्या, बुचाऐवजी पितळी पोकळ फ्लोट बसवला. तपासणी मात्र खडूनेच केली. जाताना मामेभाऊ म्हणाला, “तूर्त टाकी अर्धीच ठेवतो, म्हणजे जोखीम नको.” त्यावर तो म्हणाला, “अर्धी ठेवू नका साहेब. गळती दिसणार नाही एवढेच. सांधा आहे तसाच राहील. पूर्ण भरा. गळला तर मी परत करून देईन.”

मी त्याला विचारले, “मला बाई म्हणालास. कुठल्या शाळेचा?” तो थोडा थांबला. “तुमच्याच. पण मी 17 नंबरवाला.”

सभागृहातील शिक्षकांना याचा अर्थ सांगायला नको, पालकांसाठी सांगते. शाळेत नियमित न बसता बाहेरून दहावीची परीक्षा द्यायची असेल, तर 17 क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. ज्यांचे शिक्षण काही कारणाने सुटले त्यांच्यासाठी ही चांगली सोय आहे. पण तिचा दुसराही एक वापर होतो. नववीत कच्ची असलेली मुले शाळेच्या पटावरून दहावीला बसली तर निकाल खाली येईल, म्हणून त्यांच्या पालकांना बोलावून समजूत घालायची आणि हा अर्ज भरायला लावायचा. बारा वर्षांपूर्वी, मुख्याध्यापिका होऊन मला दुसरेच वर्ष असताना, हे आपल्या शाळेत झाले. माझ्या सहीने झाले. त्यासाठी मी दुसऱ्या कोणालाही जबाबदार धरत नाही. पाच मुले होती. त्या वर्षी आपला निकाल शंभर टक्के लागला. त्याचा फलक आपण प्रवेशद्वारावर लावला आणि तुमच्यापैकी अनेकांनी माझे अभिनंदन केले.

मामांनी टाकी अर्धी ठेवली होती. मीही तेच केले होते.

तो मुलगा बाहेरून दुसऱ्या प्रयत्नात दहावी उत्तीर्ण झाला, आयटीआयला मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम त्याने पूर्ण केला आणि आज त्याच्या हाताखाली चार मुले काम शिकतात. हे त्याचे कर्तृत्व. त्यात शाळेचा वाटा नाही, आणि ‘पाहा, शेवटी चांगलेच झाले’ असे म्हणून मला सुटका करून घ्यायची नाही. कारण पाचांपैकी दोघांचे पुढे काय झाले, हे मला आजतागायत कळलेले नाही. या मेळाव्यासाठी माजी विद्यार्थ्यांची यादी केली तेव्हा मी त्याचे नाव शोधले. नव्हते. यादी दहावीच्या निकालपत्रकांवरून केली होती. जे पत्रकावर नाहीत ते आपल्या लेखी शाळेत नव्हतेच. नऊ वर्षे या आवारात शिकलेला मुलगा आपल्या हीरक महोत्सवाच्या निमंत्रणातून गळाला होता. ते पत्र मी स्वतः नेऊन दिले. हे सारे इथे सांगण्याची परवानगी त्याने दिली, नाव मात्र घेऊ नका म्हणाला.

परीक्षा नकोत, असे मी म्हणत नाही. काट्यावाचून गाडी चालवणे हा शहाणपणा नव्हे. मुलाला किती आले हे मुलाला, पालकांना आणि आम्हांला कळलेच पाहिजे. पण मोजण्यासाठी आपण मुलाच्या शिकण्याला एक भोक पाडतो, त्या भोकातून त्याचे धैर्य, त्याची गोडी, कधी तो स्वतःच गळून जातो, याचे भान हवे. त्या सांध्याचे पॅकिंग तपासणे हे शिक्षकाचे काम आहे. फार आवळून काच तडकवायची नाही आणि ढिले सोडून पाझरूही द्यायचे नाही. शिवाय चाळीस वर्षांपूर्वी चाललेला लेप आज चालेल असेही नाही. ज्या घरांतून मुले येत त्या घरांत संध्याकाळी कोणीतरी पाटीपेन्सिल घेऊन बसे. आज आई-वडील दोघेही रात्री उशिरा घरी येतात. मुलांच्या हातात मोबाईल आहे आणि मराठी माध्यमात घातले म्हणून नातेवाईक पालकांनाच बोल लावतात. इंधन बदलले आहे. जुन्या पद्धतीला दोष न देता नवी चकती घालावी लागेल.

म्हणून या वर्षापासून तीन गोष्टी ठरवल्या आहेत. संस्थेने त्यांना मान्यता दिली आहे. एक, केवळ निकालासाठी कोणत्याही विद्यार्थ्याला 17 क्रमांकाचा अर्ज भरण्यास सांगितले जाणार नाही. दोन, निकालाच्या टक्केवारीचा फलक प्रवेशद्वारावर लागणार नाही. निकाल कार्यालयात असेल, मागेल त्याला दाखवला जाईल आणि तो कमी आला तरी दाखवला जाईल. तीन, शाळा सुटल्यावर रोज दीड तास नववी-दहावीच्या मागे पडलेल्या मुलांसाठी अभ्यासवर्ग चालेल. तिथे मला माजी विद्यार्थ्यांची गरज आहे. देणगी दिलीत, त्याबद्दल आभार. आता आठवड्यातली एक संध्याकाळ द्या आणि दोन मुलांची जबाबदारी घ्या. दाराशी वही ठेवली आहे. तिच्यात पहिले नाव त्या कारागिराचे आहे. तो गुरुवारी येऊन विज्ञान शिकवणार आहे.

पालकांना एक विनंती. पुढच्या दोन-चार वर्षांत आपला निकाल कदाचित शंभरावरून खाली येईल. तेव्हा कृपया घाबरू नका. टाकी पूर्ण भरली आहे, म्हणून डाग दिसतो आहे, असे समजा आणि आम्हांला सांधा दुरुस्त करायला वेळ द्या.

शेवटी पुन्हा शिंदे घाटावर जाऊ. त्या कललेल्या देवळाची एक दंतकथा मामा सांगत. कोणा एकाने आईसाठी ते देऊळ बांधले आणि म्हणाला, “आई, तुझे ऋण फिटले.” तो शब्द उच्चारताच देऊळ एका बाजूला कलले. म्हणून काही लोक त्याला मातृऋण महादेव म्हणतात. दगड कलण्याची खरी कारणे अर्थातच मातीत आणि पाण्यात आहेत. तरी कथा रचणाऱ्याला एक गोष्ट नेमकी कळली होती. काही ऋणे अशी असतात की त्यांचे माप पूर्ण झाले असे जाहीर करू नये. माजी विद्यार्थ्यांवर शाळेचे ऋण आहे, असे आज अनेक वक्ते म्हणाले. शाळेवर विद्यार्थ्यांचेही आहे आणि माझ्यावर त्या पाचांचे आहे. साठ वर्षे झाली म्हणून ते फिटले, असे मी म्हणणार नाही.

जाताना त्या वहीत नाव लिहायला विसरू नका.